माझा एक डॉलर, सरकारचे दोन. पण मेमोची ओळ बरोबर लिहिली तर

अमेरिकेतल्या फ्लोरिडा सरकारच्या, कॉलेजला दिलेल्या देणगीत भर घालणाऱ्या योजनेला पाच तारे, ती कॉलेजातल्या ज्या खिडकीतून चालते त्या खिडकीला दोन. सरासरी साडेतीन.

मिक्सरचं परीक्षण आपण लिहितो, युरोप टूरचं लिहितो, मंडळाच्या गणपतीतल्या केटररचं तर न विचारता सांगतो. देणगीचं कुणी लिहीत नाही. दान केलं की त्याबद्दल बोलू नये असं आपल्याला घरातूनच शिकवलेलं असतं. पण मी सात-आठ वर्षं पैसे देते आहे आणि त्यातली तीन वर्षं निव्वळ अज्ञानात गेली. ते अज्ञान दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते.

मी टँपाजवळ राहते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, रक्तपेढीच्या बाजूला. मूळ कराडची. देणगी देते ती इथल्या एका स्टेट कॉलेजच्या फाउंडेशनला, म्हणजे कॉलेजसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. शिवाय नियम सगळीकडे सारखेच आहेत. फ्लोरिडात अशी २८ स्टेट कॉलेजं आणि १२ सरकारी विद्यापीठं आहेत. तुमच्या घराजवळचं कुठलंही घ्या, हेच लागू.

योजनेचं नाव ‘फर्स्ट जनरेशन मॅचिंग ग्रँट’. २००६ साली सुरू झाली. ज्याच्या आईवडिलांपैकी कुणीही पदवीधर नाही अशा मुलासाठी तुम्ही कॉलेजला देणगी दिली की तेवढीच रक्कम राज्य सरकार घालणार, असा मूळ करार होता. डॉलरला डॉलर. २०१८ साली तो बदलून एकास दोन झाला. तुमचा एक, सरकारचे दोन. विद्यार्थ्याच्या हातात तीन.

हिशेब करून दाखवते, कारण मला स्वतःलाही आकडे मांडल्याशिवाय काही पटत नाही. मी वर्षाला ६०० डॉलर देते. आमच्या ह्यांच्या कंपनीत कर्मचारी किंवा त्याच्या बायकोने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम कंपनी घालते, म्हणजे आणखी ६००. ती कंपनीचीही खासगी देणगीच धरली जाते. झाले १२००. त्यावर सरकारचे २४००. एकूण ३६००. इथल्या स्टेट कॉलेजात राज्यातल्या रहिवाशाला एका क्रेडिटला, म्हणजे अभ्यासाच्या एका एककाला, शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास फी पडते आणि वर्षाला पूर्णवेळ शिकणारा मुलगा साधारण ३० क्रेडिट घेतो. म्हणजे माझ्या खिशातून महिन्याला पन्नास डॉलर जातात आणि एका मुलाची जवळजवळ वर्षभराची फी निघते. महिन्याला पन्नास! आम्ही दोघं एकदा बाहेर जेवलो तरी एवढे होतात.

इथपर्यंत पाच तारे. माझ्या माहितीत दुसरा असा कुठला सौदा नाही.

आता खिडकी.

२०१८च्या नोव्हेंबरात कॉलेजने जेवणाचा समारंभ ठेवला होता. पांढरे टेबलक्लॉथ, मधोमध फुलं, प्रत्येक ताटाशेजारी एक गुळगुळीत कार्ड आणि पेन. मी या कॉलेजची माजी विद्यार्थिनी म्हणून बोलावणं आलं होतं. माजी विद्यार्थिनी कशी, तर शिवाजी विद्यापीठाची माझी तीन वर्षांची बी.एस्सी. इथे अपुरी पडली. फ्लोरिडात लॅबमध्ये काम करायला राज्याचं लायसन्स लागतं. त्यासाठी पदवीचं मूल्यमापन करून घेतलं, तर कागद आला की ही अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची नाही. मग उरलेले क्रेडिट मी या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात बसून भरून काढले. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. दिवसभर तो माझ्याकडे आणि संध्याकाळी ह्यांच्याकडे. कॉलेजच्या पार्किंगमध्येच आम्ही गाडीच्या खिडकीतून त्याची देवाणघेवाण करायचो. त्या कॉलेजबद्दल माया असायला एवढं पुरे.

तर त्या कार्डावर लिहिलं होतं : पाच वर्षांचं वचन द्या, दरवर्षी ५०० डॉलर. खाली ठळक अक्षरांत : ‘तुमची देणगी राज्य सरकारकडून मॅच होईल.’ मी सही केली. वर्षाला पाचशे ही रक्कम तेव्हा झेपणारी होती आणि पाच वर्षांचं बंधन घालून घेतलं की आपण मधे ढेपाळणार नाही असा माझा साधा विचार. आपल्याकडे वर्गणीचं पुस्तक फाडतात तसंच हे.

पहिल्या वर्षी ५०० गेले, दुसऱ्या वर्षी गेले, तिसऱ्या वर्षी कोविड होता तरी गेले. दरवर्षी पावती यायची, आभाराचं पत्र यायचं. मॅचिंगचं अक्षर नाही. मला वाटलं, ते त्यांच्या आतल्या हिशेबात होत असेल. २०२१च्या उन्हाळ्यात मी सहज फोन करून विचारलं की माझ्या पैशांवर सरकारचे किती आले. पलीकडच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं, मला होल्डवर ठेवलं, परत आली आणि म्हणाली, “शून्य.”

का? कारण मी वचन दिलं होतं.

हा नियम कायद्यातच आहे आणि अगदी स्पष्ट आहे : वचन दिलेल्या रकमेवर, ती सगळीच्या सगळी जमा होईपर्यंत, मॅचिंग मिळत नाही. मी २५००चं वचन दिलेलं. १५०० भरलेले. हजार बाकी. म्हणजे पंधराशेवरही भोपळा. मी तेच पाचशे डॉलर दरवर्षी कुठलंही वचन न देता, नुसता चेक म्हणून दिले असते, तर प्रत्येक पाचशेवर हजार मिळायला पात्र ठरले असते. सहीच नडली. माझा चांगुलपणा मी पाच वर्षांचा करून ठेवला म्हणून तो तीन वर्षं बिनकामाचा झाला.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगते. सरकारच्या जागी मी असते तर मीही तोच केला असता. उद्या कुणी उठून दहा लाखांचं वचन देईल, सरकार वीस लाख घालून बसेल आणि वचन देणारा पुढच्या वर्षी नाव बदलून टेक्सासला जाईल. आधी पैसे, मग मॅचिंग, हे बरोबरच आहे. तक्रार त्या कार्डाची आहे. ज्या कागदावर ‘मॅच होईल’ असं ठळक छापलं त्याच कागदावर पाच वर्षांच्या वचनाचा रकाना छापायचा, आणि दोन्ही एकमेकांना छेद देतात हे जेवायला बोलावलेल्या दोनशे माणसांपैकी एकालाही सांगायचं नाही! मी हे फाउंडेशनच्या बाईंना विचारलं. त्या अतिशय गोड हसल्या आणि म्हणाल्या की वचनांमुळे त्यांना पुढच्या वर्षांचं नियोजन करता येतं. करा की नियोजन. कॅशियर गोड बोलला म्हणून बिलातली चूक सोडून द्यायची सवय मला नाही.

शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये उरलेले हजार एकदम भरून टाकले. डिसेंबरात पत्र आलं की २५०० वर ५००० मिळाले. पत्रात तारीख होती आणि कारणही. तिथून मला दुसरी गोष्ट कळली : एक डिसेंबर.

हे जरा नीट सांगते, कारण फाउंडेशनमधल्या निम्म्या लोकांना हे समजावून सांगता येत नाही.

सरकारचे पैसे अमर्याद नसतात. दरवर्षी राजधानी टॅलाहासीत विधिमंडळ बसतं, अर्थसंकल्पात या योजनेसाठी एक रक्कम ठेवतं. गेल्या काही वर्षांत ती एक कोटी डॉलरच्या थोडी वर राहिली आहे. राज्यातल्या सगळ्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत मिळून एवढीच. ती आधी विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात प्रत्येकाच्या नावाने बाजूला ठेवतात. अमुक विद्यापीठाला एवढी, तमुक कॉलेजला एवढी. आता तुमच्या कॉलेजने खासगी देणग्या कमी जमवल्या तर त्याच्या वाट्यातली सरकारी रक्कम पडून राहते. आणि जास्त जमवल्या तर वरच्या देणग्या मॅचिंगवाचून उघड्या राहतात. एक डिसेंबरला जे काही न वापरलेलं उरेल ते सगळं गोळा करतात आणि ज्यांच्याकडे मॅच न झालेल्या देणग्या आहेत त्यांच्यात पुन्हा विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटतात.

आमच्याकडे लग्नात पंगत उठल्यावर उरलेली बुंदी दुसऱ्या दिवशी भावकीत वाटत. कुणाकडे किती माणसं त्यावर डबा ठरायचा. अगदी तेच.

म्हणून देणगी देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : यंदाच्या तुमच्या वाट्यातलं किती शिल्लक आहे? हा प्रश्न ऐकून पलीकडचं माणूस गप्प झालं तर त्याला दोष देऊ नका. त्याला हे पहिल्यांदाच कुणी विचारलेलं असतं. त्याला सांगा की फायनान्शियल एडच्या ऑफिसात विचारून मला फोन कर. मी तेच केलं. दोन दिवसांनी फोन आला, आकड्यासकट.

गंमत म्हणजे इथला हरिकेन सीझन अधिकृतपणे संपतो ३० नोव्हेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी हा हिशेब. २०२४ला हेलिन आणि मिल्टन ही दोन वादळं दोन आठवड्यांच्या अंतराने आली. मिल्टन तर ९ ऑक्टोबरला रात्री सिएस्टा कीला धडकलं, म्हणजे आमच्या अगदी दाराशी. आम्ही गराजमध्ये पाण्याचे पिंप भरून बसलेलो. कॉलेज बंद, वीज बंद, टपाल तुंबलेलं. आणि मला काळजी कसली, तर ह्यांच्या कंपनीचा ६००चा चेक एक डिसेंबरच्या आत पोचेल का! ह्यांनी विचारलं, “छप्पर उडालं तर?” म्हटलं, “छपराचा विमा आहे.” चेक २१ नोव्हेंबरला पोचला. छपराच्या चार पट्ट्या गेल्या तेवढ्याच.

तेव्हापासून मी माझा चेक ऑगस्टमध्येच देते. सरकारचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, तोवर तरतूद पक्की झालेली असते, आणि कंपनीच्या चेकला तीन महिने हातात मिळतात.

तिसरी भानगड मेमोच्या ओळीची, म्हणजे पैसे कशासाठी ते चेकवर लिहायच्या ओळीची. ही माझी नाही, माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीची. तिने माझं ऐकून २०२२ मध्ये ३०० डॉलर दिले आणि चेकच्या मेमोत लिहिलं, ‘स्कॉलरशिपसाठी’. ते गेले साध्या स्कॉलरशिपच्या फंडात. वाईट काहीच झालं नाही, कुणाची तरी पुस्तकं आली असतील. पण मॅचिंग शून्य. कायदा म्हणतो की याच योजनेसाठी म्हणून दिलेली देणगीच मॅचिंगला पात्र. आणि इथे दिलेली देणगी सरकारच्या दुसऱ्या कुठल्याही मॅचिंगला पात्र नाही, म्हणजे एका पाण्याने दोन शेतं भिजवता येत नाहीत. तेव्हा मेमोत पूर्ण नाव लिहा, चेकबरोबर एक चिठ्ठी जोडा आणि त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. ऑनलाइन देणार असाल तर ड्रॉपडाउनमध्ये हे नाव बहुतेक सापडणार नाही. ‘इतर’ निवडून टाइप करावं लागतं. २०२६ उजाडलं तरी ड्रॉपडाउनमध्ये बास्केटबॉल टीम आहे, ही योजना नाही. अर्धा तारा तिथे गेला.

आता यापेक्षा मोठ्या गोष्टीकडे येते, कारण आपल्यातल्या काही डॉक्टर मंडळींना मोठी देणगी द्यायची असते आणि ते मला विचारतात.

फ्लोरिडाला मॅचिंगची जुनी हौस आहे. १९७९ साली इथे ‘एमिनंट स्कॉलर्स’ची योजना निघाली : तुम्ही सहा लाख डॉलर उभे करा, सरकार चार लाख घालेल, दहा लाखांचं अध्यासन होईल. पुढे मोठ्या देणग्यांसाठी पायऱ्या आल्या. एक लाखापासून सहा लाखांच्या आतल्या देणगीला निम्मी रक्कम सरकारची, मग सत्तर टक्के, पंचाहत्तर, ऐंशी, आणि वीस लाखांच्या वर असेल तर जेवढ्यास तेवढी. इमारतींसाठी वेगळी योजना, कॉलेजांसाठी वेगळी. ऐकायला छान. पण सरकारने जेवढी वचनं दिली तेवढे पैसे ठेवलेच नाहीत. देणग्या येत गेल्या, रांग वाढत गेली. शेवटी २०११ साली विधिमंडळाने सगळ्याला कुलूप घातलं : ३० जून २०११ पासून आलेल्या देणग्यांना मॅचिंग नाही. त्याआधीच्या पात्र देणग्या रांगेत उभ्या राहतील, पुढेमागे पैसे आले तर मिळतील. आणि थकबाकीतले २० कोटी डॉलर फिटल्यावर योजना पुन्हा सुरू करता येईल. कायद्यात या कुलपाला ‘तात्पुरतं’ असा शब्द आहे. तात्पुरतं! आमच्या कराडात कोयनेच्या पुरानंतर बांधलेल्या तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये दोन पिढ्या नांदलेल्या मी पाहिल्यात.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरकाकांनी २०१० मध्ये एका विद्यापीठाला एक लाख दिले, बायकोच्या नावाने. सरकारचे पन्नास हजार येतील म्हणून त्यांनी पाटीवर त्या हिशेबाने मजकूरही ठरवला होता. काका आता ८३ वर्षांचे आहेत. परवा म्हणाले, “अगं, पूर्वी मी यांना वर्षाला एक पत्र लिहायचो. आता तेच मला वाढदिवसाचं कार्ड पाठवतात.”

गंमत बघा. सरकारने मोठ्या देणगीदाराला दिलेलं वचन थकलं तरी ते ‘रांगेत’ असतं. मी दिलेलं अडीच हजारांचं वचन मात्र शेवटचा डॉलर येईपर्यंत वचनच नाही.

तेव्हा मोठी देणगी द्यायची असेल तर अवश्य द्या, पण ‘सरकार घालेल’ हे डोक्यातून काढून टाका. घातलं तर दिवाळी. फर्स्ट जनरेशनची योजना या कुलपाच्या बाहेर आहे, दरवर्षी तिला वेगळी तरतूद मिळते, म्हणून ती चालते. पण तीही दरवर्षीच्या तरतुदीवरच आहे हे विसरू नका. २०२३ला माझ्या १२००पैकी ९००वरच मॅचिंग मिळालं, कारण वाटा संपला होता आणि एक डिसेंबरच्या वाटणीत आमच्या कॉलेजला थोडंच आलं.

फाउंडेशनच्या बाईंनी मधे मला आणखी एक सुचवलं. पंचवीस हजार डॉलर एकदम द्या, कायमचा निधी करू, वडिलांच्या नावाने. लॉबीत पाटी लागेल. दरवर्षी त्यातला साधारण चार टक्के खर्च होईल. चार टक्के म्हणजे हजार डॉलर. माझ्या सहाशेतून निघतात छत्तीसशे आणि यांच्या पंचवीस हजारांतून वर्षाला हजार! मी म्हटलं, दादांचं नाव लॉबीत लागलं तर ते स्वतःच येऊन काढून ठेवतील. दादा कारखान्यावर सीझनल कामगार होते, बॉयलरच्या बाजूला. गळीत सुरू झालं की कामाला आणि बंद झालं की घरी. शाळा चौथीपर्यंत. आई शाळेतच गेली नव्हती. सही मात्र दोघांची वळणदार.

माझी बी.एस्सी. ई.बी.सी. सवलतीवर झाली. ती मिळवायची म्हणजे तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, मग तहसील. सीझन चालू असताना दादांना सुट्टी मिळायची नाही, म्हणून रात्रपाळी करून ते तसेच काजळीच्या कपड्यांनी तहसीलमध्ये येऊन बसायचे. तीन दिवस बसले होते. तिसऱ्या दिवशी कारकुनाने विचारलं, “मुलगीच आहे ना? मग कशाला एवढं?” दादांनी उत्तर दिलं नाही, नुसता अर्ज पुढे सरकवला. आमच्या कराड तालुक्यातल्याच काले गावात १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. मूठ-मूठ धान्य मागून तिथली वसतिगृहं चालत, असं आजी सांगायची, आणि आमच्या घरातूनही ज्वारी गेली होती असं शपथेवर सांगायची. खरं-खोटं तीच जाणे. आजीला स्वतःचं महत्त्व वाढवायची सवय होती.

म्हणून ही योजना मला सापडली तेव्हा ती माझ्याचसाठी काढल्यासारखी वाटली, आणि म्हणूनच तिची एक बाजू मला टोचते. ती सांगते.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत, सोलापूरकडच्या. नवरा गॅस स्टेशनवर रात्रपाळीला, त्या स्वतः एका दुकानात बांगड्या आणि ब्लाउजपीस विकतात. ग्रीन कार्ड आहे, इथे बारा वर्षं झाली. मुलगी गुणी, नर्सिंगला जायचं म्हणते. मी मोठ्या उत्साहाने फॉर्म घेऊन गेले. पहिलाच प्रश्न : आईवडिलांपैकी कुणी पदवीधर आहे का? वहिनींनी पेन खाली ठेवलं. “मी बी.ए. आहे ना हो. मराठी घेऊन.” लग्नाआधीची, सेकंड क्लासची, एकोणीसशे शहाण्णवची बी.ए. ती डिग्री त्यांनी आजवर एकदाही कुठे दाखवलेली नव्हती. ती सोलापुरात माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे.

मी फायनान्शियल एडच्या खिडकीवर वाद घातला. म्हटलं, हीच तीन वर्षांची पदवी मला नोकरी देताना तुम्ही अपुरी ठरवलीत. मूल्यमापन केलं तर हिचीही अपुरीच निघेल. तिकडचा पोरगा म्हणाला, “आम्ही फॉर्मवर जे लिहिलंय ते धरतो, मॅम.” कायद्यात ‘बॅचलर किंवा वरची पदवी’ एवढंच आहे, कुठल्या देशाची ते नाही. म्हणजे नोकरीला अपुरी, सवलत नाकारायला पुरी. मी वहिनींना म्हटलं, लिहूच नका. वहिनी म्हणाल्या, “असं कसं ताई? एवढी एकच तर आहे माझ्याकडे.”

यावर मला काही बोलता आलं नाही. मुलीला केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळाली, थोडं कर्ज काढलं, चाललंय तिचं.

आपल्या लोकांना आणखी एक सांगायला हवं. एच-४, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलांनी या योजनेची आशा ठेवू नये. आर्थिक गरज सिद्ध करायला फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारचा शिक्षण-मदतीचा फॉर्म, भरावा लागतो आणि फॅफ्सा भरायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डसारखा पात्र दर्जा लागतो. फ्लोरिडाचा रहिवासी असणं आणि सेमिस्टरला किमान सहा क्रेडिट घेणं याही अटी आहेत. सहा क्रेडिटची अट मला फार आवडते, कारण ती नोकरी करून शिकणाऱ्याला दार उघडं ठेवते. मी स्वतः सहाच घेत असे. एकाच पालकाजवळ वाढलेल्या मुलाच्या बाबतीत फक्त त्या पालकाची पदवी बघतात, हेही शहाणपणाचं.

फॅफ्साचं मात्र २०२४ मध्ये पार हसं झालं. केंद्र सरकारने फॉर्म सोपा करायला घेतला, तो ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३च्या अगदी शेवटी उघडला आणि अडखळत राहिला. कॉलेजांकडे माहिती पोचायला मार्च उजाडला. माझे पैसे तयार, सरकारचे तयार, आणि मुलं कागदावर गरीब ठरायची बाकी.

कराचंही विचारतात. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तिथे काही सुटायचा प्रश्न नाही. केंद्राच्या करात आपण बहुतेक जण स्टँडर्ड डिडक्शन घेतो, म्हणून सहाशे डॉलरवर माझा आजवर एक सेंटही वाचलेला नाही. २०२६ पासून स्टँडर्ड घेणाऱ्यालाही रोख देणगीवर एकट्याला हजार आणि जोडप्याला दोन हजारांपर्यंत वजावट मिळते आहे, तेवढं बरं झालं. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला संस्थेचं लेखी पत्र हवंच. आणि ‘माझ्या भाच्यालाच द्या’ असं म्हणता येत नाही. कुठल्या विद्यार्थ्याला द्यायचे ते कॉलेज ठरवतं.

मग पैसे जातात कुणाला? गेल्या एप्रिलमध्ये फाउंडेशनने देणगीदार आणि विद्यार्थी यांचं एकत्र जेवण ठेवलं. यावेळी टेबलक्लॉथ नव्हते, कागदी डब्यात क्यूबन सँडविच होतं. टँपाचं आहे म्हटल्यावर त्यात सलामी असणारच, ती मी काढून ठेवली. शेजारी रेस्पिरेटरी थेरपी शिकणारी एक मुलगी होती, हैतीहून आलेल्या कुटुंबातली. आई समुद्रकाठच्या हॉटेलात खोल्या आवरते. मुलीच्या हातावर पेनने चार आकडे लिहिलेले. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “ब्लड गॅसच्या नॉर्मल व्हॅल्यूज, दुपारी परीक्षा आहे.” बघते तर बायकार्बोनेटचा आकडा चुकलेला. मी म्हटलं, “हा २२ ते २६. रोज बघते मी.” तिने जिभेने अंगठा ओला करून जुना आकडा पुसला, नवा लिहिला आणि उरलेलं सँडविच पिशवीत टाकून परीक्षेला गेली. माझं नाव तिने विचारलं नाही. समोर आलेल्या केकचे दोन्ही तुकडे मीच खाल्ले.

यंदाचा चेक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देईन. वाट्यातलं किती शिल्लक राहील ते जुलैमध्ये विचारणार आहे. खिडकीवर नवीन मुलगा आलाय, तो म्हणे दुसऱ्या दिवशी फोन करतो. खरंच केला तर अर्धा तारा वाढवून इथे लिहीन.